धूर म्हणजे न जळलेलं सरपण

लाकूड म्हटलं की धूर होणारच, असं चूल नव्याने शिकणारे बरेच जण धरून चालतात. पण हिवाळ्यात आपल्याकडे जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरच्या शेतात भरीत पार्टी असते तेव्हा नीट बघा, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) पेटवल्या की आधी डोळ्यात पाणी आणणारा धूर, आणि जाळ एकदा चांगला धरला की तोच धूर जवळपास गायब. सरपण तेच असतं, फरक फक्त उष्णतेचा आणि हवेचा.

होतं काय, की लाकूड तापून २००-३०० डिग्रीच्या आसपास गेलं की त्यातून वायू आणि डांबरट वाफा निघायला लागतात, आणि आपल्याला दिसतो तो जाळ मुख्यतः या वायूंचाच असतो. चुलीत पुरेशी उष्णता नसली (साधारण ६०० डिग्री तरी पाहिजे) किंवा हवा कमी पडली, की ते तसेच न जळता वर जातात, तोच धूर. म्हणजे तुमचं अर्धंमुर्धं इंधनच उडून चाललंय. पटत नसेल तर मेणबत्ती विझवा आणि वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेघेला लगेच पेटती काडी लावा, जाळ त्या धुरावरून खाली उडी मारून वात परत पेटवतो.

ओलं लाकूड का नको तेही यातूनच कळतं. ताज्या तोडीच्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. एक किलो असं लाकूड जाळलं तर त्याच्या उष्णतेचा साधारण सातवा हिस्सा नुसतं पाणी उडवण्यात जातो, पण खरं नुकसान वेगळंच आहे, जोवर पाणी आहे तोवर लाकडाचा तो भाग शंभर डिग्रीच्या फारसा वर चढतच नाही आणि चूल थंड राहते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्याचं ऊन फुकट मिळतं, त्यातच बाभूळ, निंब चिरून वाळवा आणि पावसाआधी पत्र्याखाली घ्या. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटण वाजल्या पाहिजेत, थप्प आवाज आला तर अजून वेळ आहे. पऱ्हाट्यांचं मात्र एक सांगतो, बोंडं लागलेल्या पऱ्हाट्या वर्षभर बांधावर रचून ठेवू नका, त्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते.

पेटवताना बारीक काड्या भरपूर घ्या, त्या पटकन तापतात. प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा अजिबात नको, त्याचा धूर लाकडापेक्षा जास्त विषारी. चूल तापल्यावरच जाड लाकूड घाला आणि चुलीचं तोंड ठासून भरू नका, लाकडांची फक्त टोकं जाळात ठेवायची आणि जळेल तसं आत सरकवायचं. लाकूड जमिनीवर लोळत असेल तर खालून हवाच जात नाही, लोखंडी जाळीवर किंवा विटेच्या तुकड्यांवर उचलून ठेवा, फुंकणी बरीच कमी लागेल! पुरणाचे मांडे भाजणाऱ्या बायका खापराखालचा जाळ असाच एकसारखा ठेवतात, एकदम ढीगभर सरपण कुणी कोंबत नाही.

धुराचा रंगही सांगतो. पांढुरका धूर म्हणजे चूल थंड किंवा लाकूड ओलं, काळा म्हणजे जाळ आहे पण हवा कमी, मग एखादं लाकूड बाहेर ओढा.

हे सगळं एवढ्या जीव तोडून सांगतोय कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख लोक दगावले, आणि चुलीपुढे बसणारी माणसं म्हणजे आपल्याच आया, बहिणी आणि त्यांच्या मांडीवरची पोरं.

आणि निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून फसू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जोराने चिकटतो. थंडीत शेगडी खोलीत घेऊन दारं लावून झोपायचं नाही, शेकायचंच असेल तर ओट्यावर, अंगणात शेका.