मागच्या काचेवरची धूळ

गेल्या आषाढात साडूभाऊ घरी आले ते तणतणतच. "तुम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवता ना? मग सांगा, कंपनीनं मला फसवलं का नाही?" गाडी घेताना कागदावर लिटरला २० चं अ‍ॅव्हरेज होतं. जालन्याहून समृद्धीनं नाशिकला जाऊन आले, टाकी टू टाकी हिशेब लावला, तर जेमतेम १२ पडलं. संशयितांची यादी तयारच होती: कंपनी, पंपवाला, इथेनॉल. एका गॅरेजवाल्यानं पेट्रोलच्या पाइपला लावायचं चुंबकही त्यांच्या गळ्यात मारलं होतं. त्यानं म्हणे पेट्रोलचे रेणू "सरळ" होतात.

पेट्रोलचे रेणू असल्या चुंबकाला दाद देत नाहीत. ते काढून फ्रिजवर दुधाचा हिशेब अडकवायला वापरा म्हटलं, आणि गाडी बघायला अंगणात गेलो.

गाडी क्रॉसओव्हर. आपण सगळ्यांनाच एसयूव्ही म्हणतो, पण ही म्हणजे मुळात हॅचबॅकच, जरा उंच पायांवर उभी केलेली आणि पाठीमागून सरळ कापलेली. पावसानं पंधरा दिवस ओढ दिली होती, त्यात भाऊ शेतावर जाऊन आलेले. बॉनेट बऱ्यापैकी स्वच्छ, पुढच्या काचेवर चार-दोन किडे, दारांवर पातळ थर. मागच्या काचेवर मात्र काळ्या मातीचा असा जाड लेप की शेजारच्या पोरानं त्यावर बोटानं आपलं नाव लिहून ठेवलं होतं. मी त्याच्याखाली एक रेघ ओढली आणि म्हणालो, "तुमचं पेट्रोल इथं गेलंय."

धूळ उडते चाकांमुळे, गाडी जाते पुढे. मग उडालेली धूळ मागे रस्त्यावर राहून जायला हवी. ती धावत येऊन काचेला का चिकटते? मला या प्रश्नाचं उत्तर इतकं आवडतं की बाकीचा लेख त्याच्या मानाने आखूड होणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पैठणला किंवा नांदेडला गोदावरीच्या पुलावर उभं राहून खांबाच्या खालच्या अंगाला बघा. पाणी पुढं वाहत असतं, पण खांबाच्या लगेच मागे फेस, काटक्या, निर्माल्य एकाच जागी गरगरत राहतं. कधी कधी काटकी प्रवाहाच्या उलट, खांबाकडे येते. गाडीमागे हवेचं तेच होतं. टपावरून येणारी हवा पत्र्याला घासून जाते. पत्र्यालगतचा तिचा पातळ थर घर्षणानं मंदावलेला असतो. टप संपला, काच सरळ खाली गेली, की हवेनं वळून खाली उतरायला हवं. पण तसं वळत मागची जागा भरताना तिला कमी दाबाकडून जास्त दाबाकडे जावं लागतं. हा हवेचा चढ. जोरात आलेली हवा तो चढून जाईल, पण पत्र्यालगतची हवा आधीच दमलेली असते. चढावर पायडल मारणं सोडून सायकलवरून उतरावं तशी ती पत्रा सोडून देते. मग गाडीमागे एक पोकळीसारखा, भोवऱ्यांनी भरलेला, कमी दाबाचा पट्टा तयार होतो. धूळ त्यात शिरते, उलटी फिरते आणि काचेवर बसते. हॅचबॅक आणि क्रॉसओव्हरला मागे वायपर असतो आणि लांब डिकीच्या सेडानला सहसा नसतो, त्याचं कारण हेच.

हवा कापायला जोर लागतो तो समोरून, असं बहुतेकांना वाटतं. समोरून हवा ढकलते हे खरं, पण तेवढीच मोठी गोष्ट म्हणजे मागचा कमी दाब गाडीला मागे ओढत असतो. १९८४ मध्ये एस. आर. अहमद आणि सहकाऱ्यांनी गाडीसारखा एक साधा ठोकळा वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून मोजमाप केलं. त्याच्या एकूण विरोधापैकी सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत भाग दाबाच्या फरकातून आला आणि त्यातला बहुतेक मागच्या टोकाकडून. आणखी गंमत म्हणजे मागच्या उतरत्या काचेचा टपाच्या रेषेपासूनचा कोन वाढवत नेला तर विरोध आधी थोडा उतरतो, मग चढत जातो, ३० अंशांच्या आसपास शिखर गाठतो आणि लगेच पुढे धाडकन खाली येतो. ३० पर्यंत काचेच्या दोन्ही कडांवरून मागे लांबत जाणारे पीळदार भोवरे निघतात, ते उतारावरची हवा धरून ठेवतात, पण त्यांच्या पोटातला कमी दाब गाडीला मागे ओढतो; ३० च्या पुढे ते फुटतात आणि हवा सरळ सुटते. इथं माझे विद्यार्थीही फळ्याऐवजी खिडकीबाहेर बघायला लागतात. एवढंच लक्षात ठेवा, की गाडीचं तोंड जितकं महत्त्वाचं तितकीच तिची पाठ.

भाऊंचा विश्वास बसेना. मग जुन्या स्वेटरची लाल लोकर काढली, बोटभर लांबीचे तीसेक तुकडे केले आणि सेलोटेपनं टपाच्या मागच्या भागावर आणि काचेवर चिकटवले. भाऊ पुढे, मी भाच्याच्या गाडीत शेजारच्या लेनमध्ये थोडा मागे, हातात मोबाइल. टपावरचे धागे शहाण्यासारखे मागे सपाट झोपले होते. काचेवरचे वर उडत होते, गोल फिरत होते आणि दोन-तीन तर चक्क गाडीच्या दिशेनं टोक करून थरथरत होते. परतीला चहाला थांबलो तर टपरीवाला गाडीभोवती फिरून म्हणाला, "सर, कुण्या देवाचा नवस हाय हा?" आम्ही हसलो, पण त्याच गाडीच्या बंपरला लिंबू-मिरची लटकत होतीच. लिंबानं अपघात टळत नाही. टायरमधली हवा बघितली तर टळू शकतो, पण ती बघायला कुणी अमावास्या ठरवून दिलेली नाही.

आता हिशेब. हवेचा विरोध म्हणजे हवेची घनता, समोरून दिसणारं क्षेत्रफळ, आकाराचा गुणांक आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचं निम्मं. क्रॉसओव्हरचं क्षेत्रफळ साधारण २.५ चौरस मीटर, गुणांक ०.३६, गुणाकार ०.९. साध्या हॅचबॅकचा हाच गुणाकार ०.७ च्या आसपास येतो. म्हणजे उंच बसण्याची हौस इथंच सव्वापटीहून जास्त महाग होते. चार माणसांसकट १,५५० किलो वजन धरलं तर टायरचा विरोध अंदाजे १६५ न्यूटन, तो वेगानं फारसा बदलत नाही. हवेचा मात्र ताशी ८० किमीला सुमारे २४५ न्यूटन, १०० ला ३८०, १२० ला ५५०. वेग दीडपट, विरोध सव्वादोनपट.

एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि चाकापर्यंत त्यातली जेमतेम पाव पोचते, म्हणजे ८. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून गावाला तापवते. भागाकार करा: ८० ला लिटरमागे साडेएकोणीस किमी, १०० ला साडेचौदा, १२० ला अकरा-साडेअकरा. साडूभाऊंचे १२ कुठून आले, ते इथं दिसतं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि भाऊ ती मर्यादा नसून आज्ञा आहे असं समजून चालवतात. १५० किमीच्या पट्ट्यात १०० ऐवजी १२० नं गेल्यास पंधरा मिनिटं वाचतात आणि सुमारे तीन लिटर पेट्रोल जास्त जळतं. पंधरा मिनिटांचे तीनशे रुपये. ज्याचे वाचतात त्यानं ठरवावं.

त्यात आषाढ. पश्चिमेचा वारा या पठारावर मोकाट सुटलेला असतो आणि नाशिककडे जाताना तो तोंडावर येतो. समोरून २० चा वारा असेल तर १०० नं जाणाऱ्या गाडीला हवा १२० ची लागते, विरोध ४४ टक्के वाढतो. येताना तोच वारा पाठीशी, विरोध ३६ टक्के घटतो. जाता-येता फिट्टंफाट होत नाही. वर्गाचा हिशेब नेहमी आपल्या तोट्यात जातो.

मग कागदावरचे २० खोटे का? नाहीत. आपल्याकडे मंजुरीची चाचणी मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल नावाच्या ठरलेल्या वेळापत्रकानं होते. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि सुमारे वीस मिनिटं ठरल्याप्रमाणे पळवतात. सरासरी वेग ताशी ३२ च्या आसपास, सर्वाधिक वेग ९०, एसी बंद. १२० हा त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमातच नाही. अभ्यासक्रमाबाहेरचा पेपर दिला आणि मार्क कमी पडले म्हणून शाळेवर दावा लावण्यात अर्थ नाही. जाहिरातीत मात्र ते वीस एवढ्या मोठ्या टायपात आणि अटी एवढ्या बारीक छापतात, त्याबद्दल माझी तक्रार आहेच.

भाऊंच्या टपावर कॅरिअरही होतं. टपावरच्या पेटीमुळे महामार्गाच्या वेगाला इंधनक्षमता १० ते २५ टक्के घटू शकते, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात. रिकामं कॅरिअर तेवढं खात नाही, पण फुकटही बसत नाही.

एसीचा वाद आमच्या घरात दर उन्हाळ्यात होतो, म्हणून तोही मोजून टाकू. मे महिन्याच्या दुपारी, बाहेर ४३ अंश असताना, एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाकडून दोन किलोवॉटच्या आसपास घेतो असं धरा. १०० च्या वेगाला एक किमी ३६ सेकंदांत संपतो. एसीची किंमत ७२ किलोज्यूल. काचा उघड्या ठेवल्या तर हवेचा विरोध वाढतो, तोही फुकट नाही. तीच गाडी संभाजीनगरात गुलमंडीच्या गर्दीत ताशी २० नं सरकत असेल तर एका किमीला तीन मिनिटं लागतात आणि एसी ३६० किलोज्यूल खातो, म्हणजे ८० च्या वेगात संपूर्ण गाडी हाकायला लागते जवळजवळ तेवढी ऊर्जा. लोक नेमकं उलट करतात: गावात एसी, महामार्गावर "जरा मोकळी हवा".

आणि गतिरोधक. ५० वरून १० वर आणायचं म्हणजे सुमारे दीडशे किलोज्यूल गतिज ऊर्जा ब्रेकच्या पट्ट्यांवर जाळायची आणि पुन्हा पेट्रोलमधून विकत घ्यायची. एका गतिरोधकाला सतरा-अठरा मिलिलिटर. चार गतिरोधक म्हणजे एक कटिंग पेट्रोल. आमच्या एकेका गावात शिरताना एक आणि निघताना तीन असतात, ते सगळे नियमाला धरून आहेत असं नाही, पण ते असो. उपाय एकच, लांबून बघून पाय आधी उचलायचा.

पाय उचलताना गाडी न्यूट्रल करू नका. मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात न्यूट्रल मारून उतरणारे अजून भेटतात. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडा अर्थ होता. आजच्या इंजिनात गिअर लागलेला असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की चाकंच इंजिन फिरवतात आणि संगणक पेट्रोल पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला जिवंत राहायला पेट्रोल लागतंच, शिवाय उतारावर ब्रेक तापतात ते वेगळंच.

टायरबद्दल एकच: "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर फुटतो" हा सल्ला नेमका उलटा आहे. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि समृद्धीच्या काँक्रीटवर १२० ला फुटतो तो असाच. दारावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब सकाळी थंड टायरमध्ये ठेवायचा. नायट्रोजन पैसे देऊन भरायची हौस असेल तर भरा. साध्या हवेत तो ७८ टक्के फुकटच असतो.

राहता राहिलं इथेनॉल. त्यात लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा साडेसहा-सात टक्क्यांनी उतरते. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर त्यातली काही कसर भरून निघते. भाऊंच्या ८ किमीच्या तुटीत याचा वाटा एखाद्या किमीचा. इथेनॉलला लागणारा ऊस मराठवाड्यात किती पाणी पितो, तो हिशेब लिटरला किमीमध्ये मांडता येत नाही.

परवा भाऊंचा फोन आला. समृद्धीवर आता डाव्या लेननं ९० धरतात, भाचा कंटाळतो, पण संगणकावर साडेसोळा दिसतात. चुंबक गॅरेजवाल्याला परत दिलं, त्यानं पैसे दिले नाहीत. लिंबू-मिरची आहे, ती वहिनींच्या खात्यात. "आणि कॅरिअर?" मी विचारलं. ते म्हणाले, "ते राहू द्या. मे महिन्यात शेतावरच्या केसरच्या पेट्या कशातून आणणार?"