४००७ आणि एफआर१०७: दिसायला जुळे, कामाला वेगळे

जुन्या बोर्डांवरून काढलेल्या सुट्या भागांच्या डब्यात सगळ्यात जास्त सापडतात ती एका टोकाला चंदेरी पट्टी असलेली काळी नळकांडी, म्हणजे डायोड. बहुतेक १एन४००७ (थोडक्यात ४००७), मधूनच एखादा एफआर१०७. आकार तोच, दोघेही १ अँपिअर, १००० व्होल्टचे. भर पावसात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवलेलं पार्सल घाटापलीकडे अडकतं, म्हापशाचा दुकानदार ‘माल संपला’ म्हणतो, आणि एकाच्या जागी दुसरा लावायचा मोह होतो. एफआर१०७ बहुतेक ठिकाणी बिनघोर ४००७ च्या जागी लावा. उलट करू नका.

डायोड वीज एकाच दिशेनं जाऊ देतो, पण दिशा उलटली की त्याच क्षणी मिटत नाही. आत साठलेला विद्युतभार निघून जाईपर्यंत थोडी वीज मागे वाहते. कुळागरातल्या पंपाचा फूटव्हॉल्व सावकाश मिटला तर पाणी परत विहिरीत उतरतं, तसंच. ४००७ ला मिटायला काही मायक्रोसेकंद लागतात. एफआर१०७ जास्तीत जास्त ५०० नॅनोसेकंदांत, म्हणजे अर्ध्या मायक्रोसेकंदात मिटतो. यूएफ४००७ मिळाला तर आणखी छान, त्याला ७५ नॅनोसेकंद पुरतात.

घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. तिथं हा उशीर कुणाच्या खिजगणतीत नसतो. म्हणून २३० व्होल्ट आत शिरतात तिथल्या चार डायोडांच्या ब्रिजला (एसीची डीसी करणाऱ्या जोडणीला) ४००७ उत्तम. चवथीच्या भजनांना बाहेर निघणारे जड ट्रान्सफॉर्मरचे जुने अॅम्प्लिफायरही याच जातीचे. तिथं फक्त अँपिअर पाहा, बहुधा ३ अँपिअरचा १एन५४०८ लागतो.

अडॅप्टरमधला चिमुकला ट्रान्सफॉर्मर मात्र बऱ्याचदा ६५ किलोहर्ट्झच्या आसपास चालतो. आवर्तन जेमतेम १५ मायक्रोसेकंदांचं. ४००७ धड मिटतोय तोवर पुन्हा उघडायची वेळ येते, आणि मागे वाहणारी वीज उष्णता होऊन त्याच्यातच जिरते. असा ‘दुरुस्त’ केलेला सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर माझ्याकडे आला होता. आउटपुटचा वेगवान डायोड काढून ४००७ बसवलेला. त्याच्याखालचा बोर्ड तपकिरी झालेला, पायांवरचं सोल्डर निस्तेज होऊन तडकलेलं, शेजारच्या कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. बिचाऱ्या कपॅसिटरचा काही दोष नव्हता. (असे अडॅप्टर उघडताना आधी मोठा कपॅसिटर रिकामा करा, प्लग काढल्यावरही त्यात ३०० व्होल्टांच्या वर वीज टिकून असू शकते.)

दोन ठिकाणं थोडी वेगळी. पंपाच्या टायमरमधल्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) कॉइलवर आडवा लावायचा डायोड ४००७ असला तरी चालतो, कारण रिले सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत नाही. काही चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरच्या (आत येणाऱ्या विजेच्या बाजूच्या गुंडाळीवरच्या) क्लॅम्पला, म्हणजे व्होल्टेजची उसळी अडवणाऱ्या भागाला, मुळातच मंद डायोड मुद्दाम दिलेला असतो. तिथं कंपनीनं जो लावला असेल तोच लावा, जास्त शहाणपण नको.

मल्टिमीटर इथं कामाचा नाही. डायोडच्या खुणेवर दोघेही ०.५ ते ०.६ व्होल्टच्या आसपास दाखवतात. मिटायला किती वेळ लागतो ते मीटरला कळतच नाही. उरतात ती अंगावरची अक्षरं, आणि जुन्या बोर्डांवर तीही पुसट होतात. किनाऱ्याकडच्या घरांतल्या बोर्डांचे तर पायही गंजलेले असतात. म्हणून डायोड काढतानाच त्याची जागा पाहून वेगळा ठेवायचा. वायर आत येते तिथले चौघे एका डबीत, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे दुसऱ्या. बंद पडलेल्या सीएफएलच्या बोर्डावर ४००७ हमखास मिळतात, ते फेकू नका.

अक्षरं गेलेली आणि जागाही आठवत नाही, असा डायोड मंदच समजायचा. व्होल्टेजचीही खात्री नसल्यामुळे तो २३० च्या बाजूला लावू नये. १२ व्होल्टच्या रिलेवर खुशाल लावावा.