मुद्दाम केलेल्या चुका जपायच्या कशा? : संरक्षित गेम डिस्कचा बॅकअप घेणारी सॉफ्टवेअर

सेफडिस्क नावाचं नक्कल-संरक्षण असलेली जुनी गेम सीडी साध्या बर्निंग सॉफ्टवेअरला वाचायला दिली, की एक टक्काही पुरा होत नाही तोच पट्टी अडते. ड्राइव्ह घरघरतो, वेग कमी करतो, तीच जागा पुन्हा चाचपतो आणि शेवटी ‘रीड एरर’ म्हणून मोकळा होतो. पहिला संशय ओरखड्यावर जातो. डिस्क उलटून पाहावी तर आरशासारखी स्वच्छ. कारण ही चूक डिस्कला नंतर लागलेली नाही, ती कारखान्यातच घातलेली आहे. गेम सुरू होताना नेमके तेच सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे ठरावीक तुकडे, वाचून पाहतो. तिथे एरर आली तर डिस्क अस्सल, सगळं सुरळीत वाचलं गेलं तर नक्कल.

या एका गोष्टीमुळे बॅकअप सॉफ्टवेअरची तुलना उलट्या दिशेने करावी लागते. एरवी आपण चुका दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर चांगलं मानतो. इथे ‘दुरुस्त काय करत नाही’ हे आधी पाहायचं.

सीडीवरच्या एका सेक्टरमध्ये २,३५२ बाइट असतात. डेटा सीडीच्या नेहमीच्या ‘मोड १’मध्ये त्यांची वाटणी अशी: १२ बाइट सिंक, ४ बाइट पत्ता, २,०४८ बाइट खरा डेटा, ४ बाइट ईडीसी म्हणजे चूक ओळखणारा कोड, ८ रिकामे आणि २७६ बाइट ईसीसी म्हणजे चूक सुधारणारा कोड. याशिवाय प्रत्येक सेक्टरसोबत ९६ बाइटांचा सबचॅनल धावत असतो. त्यातला ‘क्यू’ सबचॅनल ९६ बिटांचा असतो आणि आपण कितव्या ट्रॅकवर, किती मिनिटं-सेकंद-फ्रेमवर आहोत हे सांगतो. त्याचे शेवटचे १६ बिट म्हणजे त्याचा स्वतःचा सीआरसी, चूक ओळखणारा कोड.

आयएसओ इमेजमध्ये, म्हणजे डिस्कच्या साध्या फाइल-प्रतीत, यातले फक्त २,०४८ बाइट जातात. पत्ता, ईडीसी, ईसीसी, सबचॅनल सगळं गळतं. इम्गबर्न हे आयएसओ बनवायला उत्तम आणि विश्वासू सॉफ्टवेअर; २०१३ पासून त्याची नवी आवृत्ती आलेली नाही, तरी बिनसंरक्षित डिस्कसाठी ते आजही पुरतं. खराब झालेल्या बिनसंरक्षित डिस्कवर डीडीरेस्क्यू त्याहून सरस. वाचलेल्या-न वाचलेल्या भागांचा नकाशा ते फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे अडलेलं काम दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ड्राइव्हवरही पुढे नेता येतं. मात्र ब्लॉक २,०४८ बाइटांचा ठेवायला विसरू नये. संरक्षित डिस्कवर या दोघांचा उपयोग नाही. जिथे खूण लपवलेली असते तो थर ते मुळी उचलतच नाहीत.

ही खूण कुठे लपवली आहे, यावर कुठलं सॉफ्टवेअर लागेल ते ठरतं.

सर्वांत सोपा प्रकार खराब सेक्टरांचा. सेफडिस्कच्या पहिल्या पिढीत साधारण ८०० ते १०,००० क्रमांकांच्या पट्ट्यात असे शेकडो सेक्टर पेरलेले असतात. त्यांची ईडीसी-ईसीसी मुद्दाम चुकीची असते. डिस्कच्या मुख्य फोल्डरमध्ये ०००००००१ या धाटणीच्या, टीएमपी शेपटीच्या फाइली दिसल्या तर शंका इथूनच घ्यावी. क्लोनसीडी आणि अल्कोहोल १२०% ही दोन्ही बॅकअप सॉफ्टवेअर हे नीट हाताळतात, पण ‘फास्ट एरर स्किप’ चालू केलं तरच. नाहीतर प्रत्येक खराब सेक्टरवर ड्राइव्ह आपल्या परीने पुन्हापुन्हा प्रयत्न करत बसतो. समजा एका सेक्टरला तीन सेकंद गेले आणि असे ६०० सेक्टर असले, तर नुसत्या अडखळण्यात अर्धा तास जातो. पण हेच स्किप ओरखडे पडलेल्या डिस्कवर घातक. खराब सेक्टर सापडला की सॉफ्टवेअर पुढचे काही सेक्टर न वाचताच उडी मारतं आणि त्यात चांगला डेटाही जातो.

सेफडिस्कची दुसरी पिढी जास्त चतुर. तिच्यात ‘कमकुवत सेक्टर’ आले. सीडीवर लिहिताना प्रत्येक ८ बिटांचे १४ बिट होतात आणि अशा दोन १४-बिटी शब्दांच्या मध्ये ३ जोड-बिट घातले जातात. हे जोड-बिट असे निवडायचे असतात, की खड्डे आणि सपाटी यांची बेरीज-वजाबाकी शून्याच्या आसपास राहील. तोल एका बाजूला गेला, की वाचणाऱ्या सर्किटला ‘इथे खड्डा की सपाट’ हे ठरवण्याची पातळीच सापडत नाही. एरवी हा तोल जात नाही, कारण लिहिण्याआधी डेटा स्क्रॅम्बल होतो, म्हणजे विस्कटला जातो. पण स्क्रॅम्बलरचा क्रम ठरलेला आणि सर्वांना माहीत असलेला आहे. त्याला रद्द करणारा डेटा आधीच तयार करून ठेवला, तर डिस्कवर एकच आकृती पुन्हापुन्हा उमटते आणि तोल ढळतो. कारखान्यातलं मास्टरिंग यंत्र, म्हणजे डिस्कचा मूळ साचा बनवणारं यंत्र, पुढचं पाहून जोड-बिट निवडतं, म्हणून त्याला हे जमतं. घरगुती बर्नर घाईने निवडतो आणि फसतो. म्हणजे हा सेक्टर वाचायला सोपा, लिहायला अवघड. क्लोनसीडीत यासाठी कमकुवत सेक्टर ‘अॅम्प्लिफाय’ करण्याची सोय होती, आणि बर्नरची लायकी मेंढ्यांत मोजायची पद्धत त्याच काळात रूढ झाली: ‘दोन मेंढ्यांचा’ बर्नर म्हणजे हे सेक्टर विनामदत नीट लिहिणारा. पण आज बॅकअप फाइलमध्येच ठेवायचा असेल तर या सगळ्या उठाठेवीची गरज नाही. अडचण लिहिताना येते, वाचताना नाही.

तिसरी जागा सबचॅनलची. सिक्युरॉम या दुसऱ्या संरक्षणाच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ठरावीक सेक्टरांवरचा क्यू सबचॅनल बदलतात. प्लेस्टेशनच्या युरोपीय आवृत्त्यांतलं लिबक्रिप्ट याच जातीचं. सेक्टरांच्या १६ जोड्या, त्यातल्या कुठल्या बिघडवल्या आहेत त्यावरून १६ बिटांची किल्ली. सबचॅनलला सीआरसी असतो, पण सुधारणारा कोड नसतो. त्यामुळे धुळीचा कणही त्यात चूक आणतो, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरना ही चूक ‘सुधारण्याची’ सवय असते. पुढच्या-मागच्या सेक्टरांवरून पत्ता ओळखून सीआरसी नव्याने लिहिला की फाइल देखणी दिसते आणि किल्ली पुसली जाते.

अपघाती चूक आणि मुद्दाम केलेली चूक यांतला फरक ओळखायला एकच खात्रीची युक्ती आहे: पुन्हा वाचणं. अपघाती चूक दर खेपेला जागा बदलते. मुद्दाम केलेली दहाव्या खेपेलाही त्याच सेक्टरवर, त्याच बिटांत हजर असते. सबचॅनल खरोखर जपायचा असेल तर रीडम्पर किंवा डिस्कइमेजक्रिएटर वापरावं, असं आमचं मत त्यामुळेच आहे. ही मुक्त सॉफ्टवेअर जतनासाठीच लिहिलेली आहेत. दिसायला रूक्ष, कमांडवर चालणारी. खिडक्या-बटणं हवी असतील तर एमपीएफ नावाचं आवरण मिळतं. रीडम्पर आधी सगळं कच्चं वाचून ठेवतं, सबचॅनल वेगळ्या फाइलीत जसाच्या तसा, आणि ट्रॅक कापण्याचं काम नंतर त्या कच्च्या मालावर करतं. ‘रिफाइन’ आज्ञा दिली की फक्त चुकलेले सेक्टर पुन्हा वाचले जातात. क्लोनसीडीही सबचॅनल लिहून घेतं, पण एकाच खेपेत. जे आलं ते खरं.

चौथी जागा फाइलीतच नाही, ती डिस्कच्या अंगावर आहे. सिक्युरॉमच्या ४.८ आणि पुढच्या आवृत्त्या डेटाची जागा मोजतात. सीडीचा मार्ग एक लांबच लांब सर्पिल असतो, दोन वळणांत १.६ मायक्रोमीटर अंतर. त्यावर डेटा किती दाट लिहायचा हे मास्टरिंग करताना मधेच थोडं बदललं, तर एका फेरीत बसणाऱ्या सेक्टरांची संख्या बदलते. गेम दोन सेक्टरांमधला वेळ मोजून हा बदल ओळखतो. कोऱ्या डिस्कवर मात्र खाचेची लहर आधीच कोरलेली असते आणि लिहिण्याची घनता तीच ठरवते. त्यामुळे बाइट न् बाइट बरोबर असलेली नक्कलही इथे उघडी पडते. स्टारफोर्स हे संरक्षणही असेच डिस्कवरच्या जागांमधले कोन मोजतं.

इथे अल्कोहोल १२०% आणि ब्लाइंडराइट पुढे जातात. दोघंही डीपीएम, म्हणजे डेटाच्या जागेचं मोजमाप, करून इमेजसोबत साठवतात. अल्कोहोलमध्ये डेटा मोठ्या एमडीएफ फाइलीत जातो आणि मोजमाप छोट्या एमडीएस फाइलीत. ही छोटी फाइल ‘नुसती माहिती’ समजून फेकली जाते, आणि बॅकअपचा प्राण तिच्यातच असतो. अल्कोहोलच्या यादीतून सिक्युरॉमचा नवा प्रकार निवडला की मोजमाप आपोआप चालू होतं. वेग मात्र हाताने कमी ठेवावा. मोजमाप सुरू असताना दुसरं काही चालवू नये. मधेच अँटिव्हायरस जागा झाला तर मोजमापाच्या आलेखात टोकदार काटा येतो. चांगला आलेख गुळगुळीत उतरतो आणि त्यावर मोजके, रुंद उंचवटे दिसतात. काटेच काटे दिसले तर मोजमाप टाकून पुन्हा घ्यावं.

थोडक्यात उरकायचे काही प्रकार: टाजेस या संरक्षणात एकाच पत्त्याचे दोन सेक्टर असतात आणि कुठल्या बाजूने वाचत आलात त्यावर वेगळा मजकूर मिळतो, साध्या एका खेपेच्या वाचनात त्यातला एकच हाती लागतो. डीव्हीडीवर सबचॅनल नसतोच, म्हणून तिथे सिक्युरॉमचा भर मोजमापावर. प्लेस्टेशन १ ची मूळ खूण तर आतल्या कड्यातल्या ट्रॅकच्या थरथरीत आहे, ती कुठलंच सॉफ्टवेअर उचलत नाही. पण एम्युलेटरला, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरला, तिची गरजही नसते. ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या जीडी-रॉम डिस्कचा दाट भाग ४५,००० व्या सेक्टरपासून सुरू होतो आणि साध्या ड्राइव्हला डिस्कच्या अनुक्रमणिकेत तो दिसत नाही. तिथे सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, वाचायची पद्धतच वेगळी लागते.

सॉफ्टवेअरइतकाच ड्राइव्ह महत्त्वाचा. काही ड्राइव्ह कच्चे २,३५२ बाइट मागितले तरी आतल्या आत दुरुस्त करून देतात, काही सबचॅनल दोन-चार सेक्टर मागे-पुढे सरकवतात. जुन्या प्लेक्स्टर ड्राइव्हना मान आहे तो यासाठी, की ते डेटा सेक्टरही ऑडिओसारखा, स्क्रॅम्बल न सोडवता वाचू देतात. वाचायला लावण्याआधी डिस्क मऊ कापडाने मध्यातून कडेकडे पुसावी, गोल गोल नव्हे. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग डेटा खातो. आडव्या ओरखड्याला चूक सुधारणारा कोड सहसा पुरून उरतो.

इमेज तयार झाली की आधी आकार तपासावा. पूर्ण भरलेल्या ८० मिनिटांच्या सीडीत ८० × ६० × ७५ म्हणजे ३,६०,००० सेक्टर. क्लोनसीडीची इमेज फाइल ३,६०,००० × २,३५२ = ८४,६७,२०,००० बाइटांची हवी आणि सबचॅनल फाइल ३,६०,००० × ९६ = ३,४५,६०,००० बाइटांची. तुमच्या डिस्कचे आकडे वेगळे असतील, पण पहिल्या फाइलला २,३५२ ने आणि दुसरीला ९६ ने भागल्यावर उत्तर एकच, आणि पूर्णांकात आलं पाहिजे. नाही आलं तर वाचन मधेच तुटलंय. मग डिस्क दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून दोन्ही इमेजचे एसएचए-१ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-खुणा, ताडून पाहावेत. एकाच ड्राइव्हवर दोनदा वाचलं तर त्या ड्राइव्हची खोड दोन्ही खेपांना सारखीच उमटते. सबचॅनल फाइलींचे हॅश मात्र सहसा जुळत नाहीत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कुठले सेक्टर दोन्हींत सारखेच बिघडलेले आहेत, तेवढं पाहायचं.

कायद्याबद्दल एवढंच, की युरोपीय संघाच्या २००९ च्या सॉफ्टवेअर निर्देशानुसार वापराचा हक्क असलेल्याला गरजेपुरती बॅकअप प्रत करारानेही नाकारता येत नाही, आणि अमेरिकेचा १९९८ चा कायदा संरक्षण भेदण्यावर बंधनं घालतो. आपल्या देशाचा नियम पाहावा, आणि डिस्क आपलीच असावी.

उरला प्रश्न इमेज चालवण्याचा. विनसीडीईमूसारखं हलकं सॉफ्टवेअर फाइल उघडून दाखवतं, पण मोजमापाची नक्कल करत नाही. लिनक्सवरच्या सीडीईमूमध्ये डीपीएम आणि खराब सेक्टर यांची नक्कल आहे, पण सुरुवातीला ती बंद असते, हाताने चालू करावी लागते. विंडोज १० वर तर सेफडिस्कची अस्सल डिस्कही चालत नाही, कारण तिला लागणारा सेकड्राइव्ह नावाचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने त्यातून काढून टाकला. सप्टेंबर २०१५ च्या सुरक्षा अपडेटने विंडोज व्हिस्टा, ७ आणि ८ वरही तो बंद केला. तेव्हा नव्या संगणकावर गेम सुरू झाला नाही म्हणून इमेज पुसू नये. आधी विंडोज एक्सपी असलेल्या, नेटला न जोडलेल्या जुन्या यंत्रावर ती लावून पाहावी.