करडई तेल आणि कोलेस्टेरॉल

करडईच्या (कार्थॅमस टिंक्टोरियस) बियांपासून मिळणाऱ्या खाद्यतेलाचा रक्तातील कोलेस्टेरॉलवर आणि हृद्‌रोहिणी विकारावर (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या विकारावर) काय परिणाम होतो, हे तपासण्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्यापासून झालेले मानवी संशोधन. नेहमीच्या करडई तेलाने कोलेस्टेरॉल उतरते, याविषयी फारसा मतभेद नाही. कोलेस्टेरॉल असे उतरवल्याने मृत्यू टळतात काय, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. पिकाची लागवड, पाकळ्यांपासूनचा रंग आणि घाण्यावरील गाळप यांसाठी ‘करडई’ ही नोंद पहावी.

घडण : नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलेइक अम्ल (एक बहुअसंपृक्त मेदाम्ल) सु. ७० ते ७८ टक्के, ओलेइक अम्ल (एक-असंपृक्त मेदाम्ल) १० ते २० टक्के आणि संपृक्त मेदाम्ले (लोणी-तुपात भरपूर असणारी) १० टक्क्यांच्या आसपास असतात. ओमेगा-३ गटातील अल्फा-लिनोलेनिक अम्ल नाममात्र असते. प्रयोगकर्त्यांना हे तेल प्रिय झाले ते यामुळेच, कारण बाजारात मिळणाऱ्या तेलांपैकी ‘जवळजवळ निव्वळ लिनोलेइक’ म्हणावे असे हेच होते. पुढचा वादही याच गुणातून निघाला.

दुसऱ्या प्रकारच्या करडईत हे प्रमाण उलटे असते : ओलेइक ७० टक्क्यांच्या वर आणि लिनोलेइक थोडे. हा गुण भारतातून बाहेर गेलेल्या बियाण्यात प्रथम आढळला, असे सामान्यतः मानतात (हॉरोविट्झ व विंटर, १९५७). त्यावरून कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल्डन नोल्स यांनी १९६० च्या दशकात ओलेइक-प्रधान वाण विकसित केला. दोन्ही तेलांचे नाव एकच असल्याने चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांत मिसळण्याचा धोका असतो. १९७० पूर्वीच्या चाचण्यांत लिनोलेइक-प्रधान तेल होते, असे धरण्यास हरकत नाही.

कल्पनेचा उगम : वनस्पती तेलाने कोलेस्टेरॉल उतरते हे आधी कोणी दाखवले, याविषयी एकमत नाही. बरेच लेखक १९५२ हे वर्ष देतात. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील ऑकलंड येथे लॉरन्स किन्सेल आणि त्यांचे सहकारी, तर नेदर्लंड्समध्ये ग्रून आणि त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. किन्सेल यांना हा परिणाम प्रथम वनस्पती स्टेरॉलांचा (वनस्पतींतील कोलेस्टेरॉलसदृश संयुगांचा) असावा असे वाटले होते. तेलाच्या असंपृक्ततेकडे लक्ष नंतर गेले. म्हणून निरीक्षणाचा मान किन्सेल यांना देऊन, त्याचा अर्थ लावण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील एडवर्ड आरेन्स यांच्या द्रवाहार (केवळ द्रवरूप आहाराच्या) प्रयोगांना (१९५०–६०) देणे अधिक सयुक्तिक दिसते. त्याही मागे गेल्यास १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना सूर्यफूल तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल चारून रोहिणी-विलेपी विकार (रोहिण्यांच्या भिंतींत मेद साचणे) निर्माण केला होता. नुसते तेल मिळालेल्या सशांच्या रोहिण्या निर्दोष राहिल्या. या प्रयोगात तेल निव्वळ वाहक होते, हे पुष्कळदा विसरले जाते.

१९६५ मध्ये अँसेल कीज आणि मार्क हेग्स्टेड यांच्या गटांनी आहारातील मेदावरून कोलेस्टेरॉलमधील बदल सांगणारी समीकरणे स्वतंत्रपणे मांडली. कीज यांच्या समीकरणानुसार संपृक्त मेदाने कोलेस्टेरॉल जितके चढते, त्याच्या सु. निम्मेच तितक्याच बहुअसंपृक्त मेदाने उतरते. ओलेइक अम्ल तटस्थ. याच सुमारास अमेरिकेत करडई तेलाच्या कॅप्सूल वजन उतरवणारे औषध म्हणून खपू लागल्या आणि १९६२ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्या जप्त केल्या. संशोधनाशी या प्रकरणाचा संबंध दूरचाच.

सिडनी चाचणी : करडई तेलावरची सर्वांत चर्चित चाचणी ऑस्ट्रेलियात १९६६ ते १९७३ या काळात झाली. नुकताच हृद्‌रोहिणी विकाराचा झटका येऊन गेलेले ३० ते ५९ वर्षे वयाचे ४५८ पुरुष तीत होते. एका गटाला (२२१) लोण्याऐवजी आणि इतर मेदांऐवजी करडई तेल व त्याचेच मार्गारीन (लोण्यासारखा घट्ट केलेला वनस्पती मेद) देण्यात आले. दुसऱ्या गटाला (२३७) आहाराविषयी खास सूचना नव्हती. तेल-गटाचे कोलेस्टेरॉल सु. १३ टक्के, तर दुसऱ्या गटाचे सु. ५.५ टक्के उतरले. १९७८ च्या अहवालात तेल-गटाचे एकूण मृत्यू अधिक असल्याचे नमूद होते, पण हृदयविकाराने झालेले मृत्यू वेगळे दिलेले नव्हते.

ही माहिती जुन्या चुंबकीय फितीवरून परत मिळवून क्रिस्टोफर रॅम्सडेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये फेरविश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात एकूण मृत्यू १७.६ विरुद्ध ११.८ टक्के आणि हृद्‌रोहिणी विकाराचे मृत्यू १६.३ विरुद्ध १०.१ टक्के निघाले. दोन्हींत अधिक आकडा तेल-गटाचा. लिनोलेइक अम्लाच्या ऑक्सिडीकरणातून होणारी संयुगे आणि सोबत ओमेगा-३ नसणे, हे स्पष्टीकरण त्यांनी सुचवले. मक्याच्या तेलावरील मिनेसोटा चाचणीच्या (१९६८–७३) त्यांनीच केलेल्या फेरविश्लेषणातही (२०१६) कोलेस्टेरॉल उतरले, मृत्यू घटले नाहीत.

या निष्कर्षांवर आक्षेप आहेत. सिडनी चाचणी लहान होती आणि एकूण मृत्यूंच्या फरकाची सांख्यिकीय खात्री काठावरची होती. मार्गारीनमध्ये ट्रान्स मेदाम्ले (तेल घट्ट करताना तयार होणारी) किती होती हा मुद्दा तर निर्णायक ठरू शकतो. ही मेदाम्ले एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढवतात व एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) घटवतात, हे मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये दाखवले. चाचणी आखली तेव्हा हे ज्ञान नव्हते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१७ च्या सल्लापत्रात सिडनी आणि मिनेसोटा या दोन्ही चाचण्या मुख्य गणनेतून वगळल्या. लॉस एंजेलिस, ऑस्लो, ब्रिटन (सोयाबीन तेल) आणि फिनलंड या चार चाचण्यांवरून हृदयविकार सु. ३० टक्के घटतो, असे मत त्यात दिले आहे. लॉस एंजेलिस येथे करडई तेल होते, पण मका, सोयाबीन व सरकी यांच्या तेलांसोबत मिसळलेले. वगळण्याची कारणे, उदा., वर सांगितलेला ट्रान्स मेदाम्लांचा मुद्दा, पटण्यासारखी आहेत. तरी फिनलंडची चाचणी व्यक्तिगणिक यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) वाटप न करता दोन मनोरुग्णालयांत आळीपाळीने आहार बदलून केलेली होती, हेही त्याच काट्यावर तोलायला हवे. एकट्या, मिश्रण न केलेल्या करडई तेलाने मृत्यू घटतात असे दाखवणारी मोठी चाचणी या चारांत नाही, एवढे म्हणता येते.

ओलेइक-प्रधान तेल : मॅट्सन आणि ग्रंडी यांनी १९८५ मध्ये २० रुग्णांना आळीपाळीने पाम तेल आणि करडईची दोन्ही प्रकारची तेले द्रवाहारातून दिली. पाम तेलाच्या तुलनेत दोन्ही करडई तेलांनी एलडीएल जवळजवळ सारखेच उतरवले. एचडीएल मात्र ओलेइक-प्रधान तेलाने कमी वेळा घटले. कीज यांचा ‘तटस्थ’ शब्द यानंतर मागे पडला. ७० टक्के वा अधिक ओलेइक असलेली तेले संपृक्त मेदाऐवजी दिवसाला सु. २० ग्रॅम घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा सावध शब्दांतला दावा वेष्टनावर करण्यास अमेरिकी प्रशासनाने २०१८ मध्ये हरकत घेतली नाही.

भारत : महाराष्ट्र आणि कर्नाटक ही करडईची प्रमुख राज्ये. मराठवाडा-सोलापूर भागात रब्बी ज्वारीच्या कडेने करडईचे काटेरी तास पेरून जनावरे रोखण्याची रीत आहे. तेल घरचे असले तरी त्यावरच्या मानवी चाचण्या परदेशी. एस. एल. मल्होत्रा यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांच्या पाहणीत (१९६७) दक्षिणेत हृद्‌रोहिणी विकाराचे मृत्यू उत्तरेच्या सु. सातपट असल्याचे नोंदवले. दक्षिणेतील आहारात बियांची तेले आणि उत्तरेत तूप-दूध, हा फरक त्यांनी पुढे केला; परंतु ती पाहणी होती, चाचणी नव्हे, आणि तिचा रोख करडईवर नव्हता. अलीकडे तांदळाच्या कोंड्याच्या तेलात करडई तेल मिसळून भारतात काही छोट्या चाचण्या झाल्या. कोंड्याच्या तेलातील ओरायझेनॉल हा घटकही कोलेस्टेरॉल उतरवते असे मानले जात असल्याने तेथील परिणाम एकट्या करडईच्या नावे मांडता येत नाही.