आरोग्य संरक्षण कोणाच्या ताब्यात? इंग्लंडमधल्या काउन्सिलांची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या काउन्सिलांचे (म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांचे) आरोग्य संरक्षणाचे अहवाल बघितले तर प्राधान्यक्रम साधारण सारखेच दिसतात. लसीकरण, टीबी, केअर होममधलं इन्फेक्शन, हवेचं प्रदूषण, उष्णतेची लाट. पण त्यातलं बरंचसं काम काउन्सिलच्या हातात नाहीच, तिथल्या डायरेक्टर ऑफ पब्लिक हेल्थने, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुखाने, फक्त बाकीचे लोक काम नीट करतायत ना याची खातरजमा करायची. जबाबदारी आहे, पण अधिकार अर्धेमुर्धे. हे असं का झालं ते समजायला पावणेदोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१८४२ मध्ये एडविन चॅडविक या सुधारकाचा मजुरांच्या वस्त्यांतल्या अस्वच्छतेवरचा रिपोर्ट आला. त्यात मँचेस्टरच्या मजुरांचं मृत्यूच्या वेळचं सरासरी वय होतं १७ आणि लिव्हरपूलच्या मजुरांचं १५. म्हणजे सगळे पंधराव्या वर्षी जायचे असं नाही, लहान मुलं इतकी दगावायची की सरासरीच तिथे येऊन बसायची. ग्रामीण रटलंडमधला मजूर सरासरी ३८ पर्यंत जगायचा, म्हणजे गरिबी दोन्हीकडे असली तरी शहरातली घाण जास्त जीव घेत होती.

मग लिव्हरपूलने १८४६ मध्ये स्वतःपुरता कायदा करून घेतला आणि १ जानेवारी १८४७ पासून डॉ. विल्यम डंकन यांना नेमलं, देशातले पहिले मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, म्हणजे शहराचे आरोग्य अधिकारी. तेही आधी पार्टटाइम, वर्षाला ३०० पाउंड. आणि नेमकं त्याच वर्षी आयर्लंडमधल्या दुष्काळातून पळालेली माणसं बोटी भरभरून तिथे उतरली, जवळपास तीन लाख, त्यातली कितीतरी ओल आलेल्या तळघरांत दाटीवाटीने राहिली आणि टायफसने थैमान घातलं. पुढच्याच वर्षी पोस्ट फुलटाइम झाली, पगार ७५०. डंकनसोबत एक इंजिनियर आणि एक इन्स्पेक्टरही होता, ही तिघांची टीम मला फार शहाणपणाची वाटते, कारण गटार बांधणारा सोबत नसेल तर डॉक्टर नुसतं सांगून काय करणार.

१८४८ चा पब्लिक हेल्थ ॲक्ट याच्यापुढे मवाळच होता. दहा टक्के करदात्यांनी अर्ज केला तर गावात आरोग्य बोर्ड, नाहीतर मृत्यूदर हजारी २३ च्या वर गेला तर लंडनहून लादलेलं बोर्ड. गावांना हे अजिबात आवडलं नाही, आमच्या पैशाने आम्हालाच शिकवणार का, असा सूर होता आणि १८५४ मध्ये लंडनच्या मध्यवर्ती बोर्डावरच्या चॅडविकला घरी बसवलं.

त्याच वर्षी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलरा पसरला. डॉ. जॉन स्नोने ही साथ तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरतेय हे दाखवलं, ही गोष्ट सगळ्यांना माहिती असते, पण मजा तपशिलात आहे. जवळच्या ब्रुअरीतले कामगार बिअर प्यायचे त्यामुळे वाचले, शेजारच्या गरीबगृहाची स्वतःची विहीर होती म्हणून तिथे मोजकेच गेले, आणि लांब हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मात्र गेली कारण तिला याच पंपाचं पाणी आवडायचं आणि ती ते मुद्दाम मागवायची. ८ सप्टेंबरला पंपाचं हँडल काढलं, अर्थात तोपर्यंत साथ ओसरायला लागली होती. पण नंतर साथीचा उगम शोधला तो तिथल्याच चर्चमधल्या पाद्री हेन्री व्हाइटहेडने. घरोघरी ओळख असल्यामुळे त्याला कळलं की ४० नंबरच्या घरातल्या आजारी बाळाचे लंगोट धुतलेलं पाणी विहिरीला लागून असलेल्या शोषखड्ड्यात जात होतं. ही माहिती सरकारी ऑफिसात बसून मिळाली नसती.

१८७२ मध्ये प्रत्येक भागाला मेडिकल ऑफिसर नेमणं सक्तीचं झालं, १८७५ मध्ये सगळे कायदे एकत्र आले. १८८९ ला साथीचा रोग कळवण्याचा कायदा आला, यात डॉक्टरला प्रत्येक खाजगी केसमागे अडीच शिलिंग मिळायचे. पैसे दिले की कागद वेळेवर येतो हे कोणीतरी बरोबर ओळखलं होतं!

मग १९७४. एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, नव्याने मांडणी करताना मेडिकल ऑफिसर हे पदच रद्द केलं, डॉक्टर एनएचएसमध्ये गेले आणि अन्न-हवा-घरं तपासणारे अधिकारी काउन्सिलमध्येच राहिले. डंकनची टीम फोडली म्हणा ना. माझ्या मते सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच. १९८४ मध्ये वेकफिल्डच्या स्टॅनली रॉइड हॉस्पिटलमध्ये साल्मोनेलाने (अन्नातून होणारी विषबाधा) १९ पेशंट गेले, १९८५ मध्ये स्टॅफर्डला लीजनेअर्स या न्यूमोनियासारख्या आजाराने २८, आणि साथ आली तर जबाबदार कोण याचं सरळ उत्तर मिळेना. म्हणून अॅचिसन समितीचा १९८८ चा रिपोर्ट आला आणि डायरेक्टर ऑफ पब्लिक हेल्थ हे पद उभं राहिलं, पण एनएचएसमध्येच.

२००३ मध्ये साथी आणि इतर धोके बघणारी हेल्थ प्रोटेक्शन एजन्सी आली, आणि २०१३ मध्ये डायरेक्टर परत काउन्सिलमध्ये. पण लसीकरणाचं काम एनएचएस इंग्लंडकडे, साथीचे तज्ज्ञ त्या एजन्सीच्या जागी आलेल्या पब्लिक हेल्थ इंग्लंडकडे. म्हणून मग काउन्सिलच्या वाट्याला खातरजमा आली, दुसरं काय येणार.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत याचा कस लागला. कॉन्टॅक्ट ट्रेसिंग (रुग्णाच्या संपर्कातल्या लोकांचा शोध) केंद्र सरकारकडून, कॉल सेंटरवरून चालू झालं. जून अखेरीस लेस्टरला पुन्हा लॉकडाऊन लागला तेव्हा तिथल्या काउन्सिलची तक्रार होती की टेस्टचे पूर्ण आकडे आम्हाला वेळेवर दिलेच नाहीत. ब्लॅकबर्न आणि सँडवेलने वाट न बघता स्वतःचं ट्रेसिंग सुरू केलं, लोकल नंबरवरून फोन, नाही उचलला तर दारावर माणूस. २०२१ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंडची जागा पुन्हा नव्या संस्थेने घेतली, यूकेएचएसए म्हणजे यूके हेल्थ सिक्युरिटी एजन्सी.

सध्या सगळ्यात वर गोवर आहे. ९५ टक्के मुलांना दोन डोस हवेत, आणि २०२३-२४ मध्ये इंग्लंडमधल्या पाच वर्षांच्या मुलांचा आकडा होता ८३.९. त्याच हिवाळ्यात बर्मिंगहॅममध्ये गोवर वाढला आणि जानेवारी २०२४ मध्ये यूकेएचएसएला राष्ट्रीय पातळीवरची घटना जाहीर करावी लागली. लस एनएचएस देतं, साथ यूकेएचएसए बघतं, आणि कुठल्या गल्लीतल्या आया का येत नाहीत हे ठाऊक असतं काउन्सिलच्या माणसांना.