रात्री झाडं माशांचा ऑक्सिजन संपवतात?

‘फिशटँकमध्ये खरी झाडं नकोत, रात्री ती ऑक्सिजन खातात आणि मासे गुदमरतात’ हा समज जुना आहे. तो निराधारही नाही: अंधारात झाडं ऑक्सिजन घेतातच. पण दिवसा सोडतात त्याच्या तुलनेत थोडा. जावा फर्न, अनुबियास यांसारखी संथ वाढणारी तर फारच कमी. शिवाय फिल्टरने हलणाऱ्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन रात्रभर विरघळत राहतो.

पडताळायचं तर पहाटे, दिवा लावण्याआधी मासे बघा. वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर आधी गर्दी, कुजलेलं खाणं आणि उन्हाळ्यात तापलेलं पाणी तपासा. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. आणि जावा फर्न लावणार असाल तर एक लक्षात ठेवा: त्याचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. दगडाला दोऱ्याने बांधा.