वायमार प्रजासत्ताक : आरंभीची पाच वर्षे (१९१८–१९२३)

पहिल्या महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीत स्थापन झालेली पहिली लोकशाही राजवट. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी कैसर दुसऱ्या विल्हेल्मच्या पदत्यागाची घोषणा झाली आणि समाजवादी नेते फिलिप शाइडेमान यांनी बर्लिनमध्ये प्रजासत्ताक जाहीर केले. दोनच दिवसांनी युद्धबंदी झाली. तिची मागणी सप्टेंबरअखेर लष्करी नेतृत्वानेच केली होती, पण करारावर सही करण्याची वेळ मातिआस एर्त्सबर्गर या मुलकी राजकारण्यावर आली. सेनापती नामानिराळे राहिले. पुढे युद्धकाळातले सरसेनापती हिंडेनबुर्ग यांनी तर रणांगणावर न हरलेल्या सैन्याच्या पाठीत देशातल्यांनीच खंजीर खुपसला, असे चौकशी समितीपुढे सांगितले. या एका असत्याने नव्या राज्याचे जितके नुकसान केले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल.

जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनमधला साम्यवाद्यांचा उठाव सरकारने सैन्य आणि ‘फ्रायकोर’ या स्वयंसेवी सशस्त्र तुकड्यांच्या बळावर मोडला. त्यात रोझा लुक्सेंबुर्ग आणि कार्ल लीबक्नेख्त या साम्यवादी नेत्यांची हत्या झाली व डाव्या चळवळीत कायमची फूट पडली. राजधानी अशांत असल्याने संविधानसभा वायमार या शहरात भरली. या सभेच्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. ऑगस्टमध्ये संविधान अमलात आले. त्यातील ४८ व्या कलमाने राष्ट्राध्यक्षाला आणीबाणीचे व्यापक अधिकार दिले. पहिले अध्यक्ष फ्रीडरिख एबर्ट यांनी ते राज्य वाचवण्यासाठी वापरले. नंतरच्यांचा हेतू तसा नव्हता.

व्हर्सायच्या तहाने (२८ जून १९१९) प्रदेश गेला, सैन्य १ लाखावर आले आणि १९२१ मध्ये युद्धभरपाई १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरली. मार्च १९२० मध्ये वोल्फगांग काप यांच्या उजव्या गटातील बंडखोरांनी बर्लिन ताब्यात घेतले. सैन्याने त्यांच्यावर शस्त्र उचलायला नकार दिला. कामगारांच्या सार्वत्रिक संपाने मात्र ते बंड चार दिवसांत कोलमडले. १९२१ मध्ये एर्त्सबर्गर आणि १९२२ मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांचे खून झाले.

चलनवाढीचे मूळ मात्र तहाच्या आधीचे. युद्धाचा खर्च करांऐवजी प्रामुख्याने कर्जरोखे व नोटा छापून भागवला गेला होता. जानेवारी १९२३ मध्ये भरपाई थकल्यामुळे फ्रान्स व बेल्जियमने रूरचा कोळसापट्टा व्यापला. सरकारने तिथे असहकार पुकारला आणि काम थांबवलेल्या कामगारांना पोसण्यासाठी आणखी नोटा छापल्या. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. १९२२ मधली तारीख असलेल्या १,००० मार्कांच्या नोटेवर लाल शाईने आडवे ‘शंभर कोटी मार्क’ छापून तीच नोट चलनात आणली गेली. बर्लिनमध्ये पावाची किंमत २० हजार कोटी मार्कांच्या घरात गेली. पगार हाती पडताच लोक दुकानाकडे धावत. कर्जदार व मोठे कारखानदार यातून तरले. पेन्शनर, विधवा, रोखे घेतलेले शिक्षक व कारकून मात्र पार बुडाले. याच सुमारास, १९२१ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचे लंडनमधील संशोधनही त्याच काळातले.

चॅन्सेलर गुस्टाव श्ट्रेझमान यांनी सप्टेंबरमध्ये असहकार मागे घेतला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिटलरचा म्युनिकमधला उठाव फसला. राजद्रोहाबद्दल त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली, पण १९२४ संपण्याआधीच तो सुटला. १५ नोव्हेंबर १९२३ पासून आलेल्या ‘रेंटनमार्क’ या नव्या चलनाने घसरण थांबवली, एका नव्या मार्काला १ लाख कोटी जुने मार्क मोजले गेले. १९२५ च्या कायद्याने खासगी गहाणकर्जांचे साधारणपणे २५ टक्के मूल्य परत मान्य केले. देशभक्ती म्हणून युद्धरोखे घेतलेल्यांना त्याहूनही बरेच कमी मिळाले.